खरेदी विभाग, निवृत्त

सव्वीस दिवाळ्या मी कंपनीच्या पैशाने वाटल्या.
रबाळे एमआयडीसी, खरेदी विभाग.
पितृपक्ष संपला की कोटेशनं मागवायची:
काजू-बदामाचे डबे, एकशे ऐंशी नग,
झाकणावर कंपनीचं नाव सोनेरी, वाहतूक वेगळी.
तक्त्यात नाव, पत्ता, हुद्दा, दर.
कुणाला काय आवडतं, असा रकाना
मागायला कधी कुणी आलं नाही.

आणि जे यायचं तेही तसंच यायचं.
यंदा निवृत्त झालो, तेव्हा वाशीच्या आमच्या
जेएन टाइप घराचा माळा उतरवला.
अकरा घड्याळं निघाली,
प्रत्येकाची वेळ वेगळी, एकही चालू नाही.
सरबताचे सेट. चीज वितळवायचं कसलंसं भांडं.
आणि काचेचे चौदा गणपती, खोक्यातच,
टाकवत नाहीत, ठेववत नाहीत.
सुहासिनी स्टुलावर उभी, केसांत जळमट,
म्हणाली, यातलं एक जरी तू मला दिलं असतंस
तर मी विचारलं असतं, का?

मग वीजबिलाच्या पाठीवर सात नावं लिहिली.
एकशे ऐंशीची सात.
सवयीने रेघा मारल्या: नाव, वस्तू, दर.
तिने दर खोडला. तिथे लिहिलं:
काय म्हणाले होते?

मसाला मार्केटमधला बदामाचा भाव
मला दहा वर्षांचा तोंडपाठ.
हा रकाना मात्र कोरा.
ती चिवड्याचे दाणे निवडता निवडता सांगत गेली.
पिंगळेकाकू जूनमध्ये लिफ्टपाशी म्हणाल्या,
पिशवीचा बंद बोटांत रुततो.
जिना झाडणारी शेवंता म्हणाली, पाकीट धनतेरसला द्या,
भाऊबीज उलटल्यावर त्याचं मी काय करू.
आणि दिवाळे गावचा हसुराम, माझ्याच स्टोअरमधला,
त्याची आई धवलारीण. मांडवात गायलेली
तिची एक कॅसेट घरात आहे, वाजवायला यंत्र नाही.
हे तर तो मलाच म्हणाला होता, डबा खाताना.
त्या दिवाळीत मी त्याला घड्याळ दिलं.

सुताराने लाकडी मूठ घासून दिली,
पंधरा रुपये, पावती नाही.
कॅसेट वहिनींनी गुपचूप आणून दिली.
सेक्टर सतरामधल्या पोराने पेन ड्राइव्ह हातावर ठेवत विचारलं,
कोण गातंय हे? मी म्हटलं, ऐक.
बाहेर माणसं खोक्यांचे मनोरे छातीशी धरून
पुढचं न दिसता रस्ता ओलांडत होती.
माझी खरेदी शर्टाच्या खिशात.

घरी येऊन यादीला आठवी ओळ जोडली: सुहासिनी.
विचारलं, तू काय म्हणाली होतीस?
सोऱ्या फिरवत राहिली, कडबोळ्यासारखी वळली कागदावर शेव.
आठव, म्हणाली.
अजून आठवतोय. काल रात्री एक आठवलं,
ते एकोणीसशे अठ्ठ्याण्णवचं आहे.

राहिली ऋचा. तिच्या रकान्यात एवढंच:
बाबा, काही नको, खरंच काही नको.
खरेदी विभागात याचा अर्थ
भाव वाढवायचाय, असा होतो.
सुहासिनी म्हणाली, मुलगी आहे ती, पुरवठादार नाही.

तर पाडव्याला घणसोलीच्या बसमध्ये मी रिकामा चढलो.
हातांना कळेना कुठे राहावं.
आधी मांडीवर, मग समोरच्या दांडीवर, मग पुन्हा मांडीवर.
कोपरखैरणेला जवळजवळ उतरलोच होतो,
मिठाईचं दुकान समोरच होतं.

दार तिनेच उघडलं, बाळ खांद्यावर.
मागे सोफ्यावर पिशव्याच पिशव्या, इतरांनी आणलेल्या,
बसायला वीतभर जागा.
तिने आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग पाठीमागे.
दाखवा बघू, म्हणाली, दोन्ही.

मी दोन्ही दाखवले.